ओळख नसलेल्या मुलांसाठी: शाळा, महाविद्यालय आणि उद्योग यांची प्रादेशिक भागीदारी कशी उभी करावी

शाळा संपत आलेल्या दोन मुली डोळ्यांसमोर आणा. दोघींचं गणित सारखंच चांगलं आहे, दोघींनाही यंत्रं उघडून बघायला आवडतं. एकीचा मामा अभियंता आहे. सुट्टीत ती त्याच्याबरोबर कारखान्यात जाऊन आली आहे, तिथे कोण काय काम करतं ते तिने पाहिलंय, आणि कुठल्या अभ्यासक्रमाला जावं हे तिला घरातल्या गप्पांमधूनच कळलंय. दुसरीच्या नात्यात किंवा शेजारात असं कोणीच नाही. तिची इच्छा तेवढीच तीव्र आहे, पण रस्ता कुठून सुरू होतो हे तिला सांगणार कोण? पाच वर्षांनी या दोघी कुठे असतील याचा अंदाज आपण सगळेच करू शकतो, आणि त्या अंदाजात गुणपत्रिकेचा वाटा फारसा नसतो.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती जिवलग मित्राकडून कळलेली नसते. ती कळते अधूनमधून भेटणाऱ्या, दूरच्या ओळखीच्या माणसाकडून. पुढे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे १२ लाख पेटंटधारकांच्या नोंदी तपासल्या. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतलं मूल पुढे संशोधक होण्याची शक्यता निम्न उत्पन्नाच्या अर्ध्या घरांतल्या मुलापेक्षा दहापट होती. लहानपणी आजूबाजूला संशोधक असणाऱ्या मुलांचं संशोधक होण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि मुलींच्या बाबतीत तर त्या क्षेत्रातल्या स्त्रिया आजूबाजूला असल्यावरच तो फरक पडत होता.

म्हणजे ओळख ही संपत्ती आहे आणि इतर संपत्तीसारखीच तिची वाटणीही विषम आहे. शाळा, महाविद्यालयं आणि उद्योग एकत्र येऊन जी भागीदारी उभी करतात, तिच्याकडे मी या नजरेने बघतो: काही घरांना आपोआप मिळणारी ओळख सगळ्या मुलांपर्यंत ठरवून पोचवायची व्यवस्था. तुमच्यावर अशा भागीदारीची जबाबदारी नुकतीच आली असेल, मग तुम्ही शिक्षक असा, महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागात असा, कंपनीच्या मनुष्यबळ विभागात असा किंवा सामाजिक संस्थेत, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

पायरी १: प्रदेश नकाशावर आखा

'प्रादेशिक' म्हटलं की बहुतेक जण प्रशासकीय हद्द धरतात. मुलांचं आयुष्य त्या हद्दीने चालत नाही. माझ्या मते प्रदेशाचं माप एकच: स्वतःचं वाहन नसलेला विद्यार्थी सार्वजनिक वाहनाने जाऊन दिवस मावळायच्या आत घरी परत येऊ शकेल एवढं अंतर. शाळा, महाविद्यालयं, मोठे-छोटे उद्योग, रुग्णालयं आणि कार्यालयं एका नकाशावर मांडा आणि त्यावर बसचे मार्ग काढा. काही शाळा चांगल्या नोकऱ्यांपासून सरळ रेषेत जवळ असतात, पण तिथे जाणारी बसच नसते. हे पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

सुरुवात छोटी ठेवा. इंग्लंडमध्ये शाळांतल्या करिअर मार्गदर्शनासाठी २०१४ साली आठ निकष ठरवले गेले, ते गॅट्सबी निकष म्हणून ओळखले जातात. देशभर नेण्याआधी ते ईशान्य इंग्लंडमधल्या १६ शाळा-महाविद्यालयांत २०१५ पासून दोन वर्षं करून बघितले गेले. तुम्हाला तर सोळाही नकोत. तीन-चार शाळा, एक महाविद्यालय आणि पाच-सहा उद्योग एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं.

पायरी २: कोण दिसत नाही ते मोजा

बैठका, फीत कापणं, छायाचित्रं यांच्या आधी आकडे हातात घ्या. गेल्या तीन वर्षांत शाळेतून किती मुलं बाहेर पडली, त्यातली किती पुढे शिकायला गेली, कोणत्या शाखेला गेली, किती पहिल्याच वर्षात गळाली, किती कामाला लागली. हे सगळं मुलगे-मुली, सामाजिक गट, घरची मिळकत, अपंगत्व, घरी बोलली जाणारी भाषा आणि शाळेपासूनचं अंतर यांप्रमाणे वेगवेगळं मांडा.

सरासरी फार गोड बोलते, म्हणून हे करायचं. समजा, एका तांत्रिक अभ्यासक्रमाला १०० विद्यार्थी आहेत आणि त्यातले ८० उत्तीर्ण होतात. ऐकायला छान वाटतं. पण त्या शंभरात मुली फक्त ९ असतील आणि त्यातल्या ४ मध्येच सोडून गेल्या असतील, तर ऐंशीचा आकडा ही गोष्ट झाकून टाकतो. अमेरिकेत व्यावसायिक शिक्षणाला केंद्रीय निधी देणारा पर्किन्स कायदा २०१८ मध्ये सुधारला गेला. तेव्हापासून स्थानिक संस्थांना दर दोन वर्षांनी गरजांचं सविस्तर सर्वेक्षण करावं लागतं आणि कोणता गट मागे राहतोय हे त्यात तपासावं लागतं. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, ही सवय उसनी घ्यावी अशीच आहे.

आकड्यांसोबत दहा-बारा मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी निवांत बोला. शिक्षण सोडून गेलेल्यांशी तर नक्कीच. 'का सोडलं?' या प्रश्नाचं उत्तर कागदावर बहुधा 'आवड नव्हती' असं लिहिलेलं असतं. जरा जास्त वेळ बसलात की शेवटची बस, धाकट्या भावंडाची जबाबदारी, वर्कशॉपमध्ये मुलींसाठी स्वच्छतागृह नसणं, अशी खरी कारणं बाहेर येतात. ती लिहून ठेवा. सातव्या पायरीवर त्यांचाच उपयोग होणार आहे.

पायरी ३: उद्योगाच्या दारात

इथे जरा थांबू, कारण नवखी माणसं सर्वांत जास्त चुका इथे करतात. मीही केल्या आहेत. सुरुवातीला मी कंपन्यांत जाऊन म्हणायचो, 'आमच्या मुलांसाठी काहीतरी करा.' समोरचे भले लोक असत. ते वह्या द्यायचे, बक्षीस समारंभाला यायचे, एखादं भाषण द्यायचे. वर्ष संपलं की एकाही मुलाच्या आयुष्यात काही बदललेलं नसायचं. दोष त्यांचा नव्हता, माझ्या मागण्याचा होता. मी दान मागत होतो, म्हणून मला दानच मिळत होतं.

आता मी प्रश्न घेऊन जातो. तुमच्याकडे कोणती जागा भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो? त्या जागेवरून माणसं का निघून जातात? पहिल्या दिवशी येणाऱ्याला काय यायलाच हवं, आणि काय तुम्ही महिनाभरात शिकवू शकता? जाहिरातीत पदवी मागितली आहे, ती कामाला खरंच लागते का, की अर्ज कमी यावेत म्हणून मागितली आहे? या शेवटच्या प्रश्नावर बऱ्याच ठिकाणी शांतता पसरते, आणि मग कोणीतरी प्रामाणिकपणे सांगतं की ते काम पदविकाधारकही उत्तम करतो. तेवढ्याने अनेक मुलांसाठी एक दार उघडतं.

मालकाला भेटा, मनुष्यबळ विभागाला भेटा, पण सुपरवायझरला भेटल्याशिवाय परत येऊ नका. नव्या मुलाबरोबर रोज उभं राहणारा तोच असतो. त्याला ही कल्पना पटली नसेल, तर वरच्या मजल्यावर झालेला करार खालच्या मजल्यावर मोडतो.

दुसरी गोष्ट, शाळेपासून थेट तिच्यापर्यंत वाट आखावी अशा लायकीची प्रत्येक नोकरी नसते. ज्या कामात पगारावर घर चालत नाही, वर जायची पायरी नाही आणि तीन वर्षांत यंत्र ते काम करू लागेल अशी चिन्हं आहेत, तिथे गरीब घरची मुलं पाठवण्यासाठी आपण भागीदारी करत नाही. हे उद्योगाला नम्रपणे पण स्पष्ट सांगायला हवं. 'या जागेवरचा माणूस पाच वर्षांनी कुठे असतो?' असं विचारा आणि उत्तराबरोबर दोन खरी उदाहरणं मागा.

लहान उद्योगांना वगळू नका. एखाद्या वर्कशॉपला वर्षभर प्रशिक्षणार्थी सांभाळणं झेपत नाही, पण तिघांनी मिळून एक सांभाळणं झेपतं. स्वित्झर्लंडमध्ये अशी जुळणी रुळलेली आहे: काही कंपन्या मिळून प्रशिक्षण-संघ करतात आणि प्रशिक्षणार्थी त्यांच्यात फिरत फिरत पूर्ण कौशल्य शिकतो. अशा संघाचे कागदपत्र, हजेरी आणि विमा तुमच्या समन्वय कार्यालयाने सांभाळला, तर लहान मालकाची निम्मी भीती जाते.

उद्योगाकडून काय मागायचं? वेळ, माणसं, यंत्रांपर्यंत पोच, अभ्यासक्रम बघून दिलेला प्रामाणिक अभिप्राय, आणि काम करून घेणार असतील तर त्याचं विद्यावेतन. देणगी सर्वांत शेवटी.

पायरी ४: वाट उलटीकडून आखा

अभ्यासक्रम बहुधा वर्गापासून सुरू होऊन नोकरीच्या दिशेने जातो आणि मध्येच कुठेतरी संपतो. तुम्ही नोकरीपासून मागे या. उदाहरणार्थ, वैद्यकीय प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. त्याला कोणती पात्रता लागते? ती देणाऱ्या अभ्यासक्रमात प्रवेशाला कोणते विषय लागतात? ते विषय निवडायचा निर्णय कितव्या वर्षी होतो? त्या वर्षाच्या आधी त्या मुलाने प्रयोगशाळा कधी पाहिली? असं मागे येता येता वयाच्या बारा-तेराव्या वर्षापर्यंत पोचाल. तिथे पहिली ओळख, मग विषयांची निवड, मग महाविद्यालयाचे काही श्रेयांक शाळेतच, मग पगारी प्रशिक्षण. एका कागदावर मावेल इतकी ही वाट साधी असावी, आणि तो कागद पालकांना समजेल अशा भाषेत असावा.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २०११ साली पी-टेक नावाची शाळा सुरू झाली. तिच्यात शहराचा शिक्षण विभाग, सिटी युनिव्हर्सिटीचं तंत्रशास्त्र महाविद्यालय आणि आयबीएम हे तिघे एकत्र होते. नववीत आलेला विद्यार्थी सहा वर्षांपर्यंतच्या काळात शालेय प्रमाणपत्र आणि महाविद्यालयाची दोन वर्षांची पदवी दोन्ही मिळवतो, तेही शुल्क न भरता, आणि वाटेत त्याला उद्योगातले मार्गदर्शक भेटतात. या रचनेचं मर्म मला वाटतं ते असं की शाळा आणि महाविद्यालय यांच्या मधली दरी, जिथे सर्वांत जास्त मुलं हरवतात, तीच तिने बुजवली.

इथे एक धोका आहे आणि तो जुना आहे. 'व्यावसायिक' वाट ही बहुतेक देशांत कमी गुणांच्या, गरीब घरच्या मुलांना ढकलण्याची जागा होऊन बसली. म्हणून वाट आखताना दोन कसोट्या लावा. पहिली: या वाटेने गेलेला विद्यार्थी पुढे कधीही पदवीकडे वळू शकतो का? स्वित्झर्लंडमध्ये अनिवार्य शिक्षणानंतर जवळपास दोन-तृतीयांश मुलं व्यावसायिक प्रशिक्षणाकडे जातात, आणि त्यांच्यासाठी १९९४ पासून व्यावसायिक बॅकलॉरिएट ही पात्रता आहे. ती मिळवली की उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठात प्रवेश मिळतो. पालकांचा त्या वाटेवर विश्वास बसण्याचं ते एक मोठं कारण आहे. दुसरी कसोटी: शाळेच्या विश्वस्तांची, प्राचार्यांची, कंपनीच्या अधिकाऱ्यांची मुलं या वाटेने जातील का? उत्तर 'नाही' असेल तर वाट अजून दुरुस्त व्हायची आहे.

गणित, भाषा, विज्ञान हे विषय या वाटेत कमी करू नका. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९६९ साली सुरू झालेल्या करिअर अकादमींनी हेच केलं. शाळेच्या आत छोटा गट, तेच शिक्षक काही वर्षं, मूळ विषय कायम, आणि त्यांना एका क्षेत्राची व स्थानिक उद्योगाची जोड. पुढे एमडीआरसी या अमेरिकी संशोधन संस्थेने नऊ शाळांमध्ये सोडतीत प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना केली. शाळा संपल्यानंतरच्या आठ वर्षांत अकादमीतल्या मुलांची सरासरी कमाई ११ टक्क्यांनी जास्त निघाली, आणि पुढे शिकायला जाण्याचं प्रमाण घटलं नाही.

पायरी ५: कामाच्या जगाशी भेट, एकदाच नव्हे

गॅट्सबी निकषांत एक साधा हिशेब आहे: वयाच्या अकराव्या वर्षापासून दरवर्षी निदान एकदा कामाच्या जगातल्या माणसाशी अर्थपूर्ण भेट, सोळाव्या वर्षापर्यंत एकदा प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचा अनुभव, अठराव्यापर्यंत आणखी एक. ब्रिटनमधल्या तरुणांच्या पाहणीवर आधारलेल्या अँथनी मान यांच्या २०१२ च्या अभ्यासात, शाळेत असताना अशा चार किंवा अधिक भेटी आठवणारे तरुण शिक्षण आणि नोकरी दोन्हींबाहेर फेकले जाण्याचं प्रमाण, एकही भेट न आठवणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण एका भाषणाने काम भागत नाही एवढं त्यातून नक्की घ्यावं.

भेट म्हणजे काय हेही नीट ठरवा. सभागृहात तीनशे मुलं आणि मंचावर एक यशस्वी माणूस, ही भेट नव्हे. वीस मुलांच्या वर्गात दोन वर्षांपूर्वीच कामाला लागलेली, त्याच भागातून आलेली मुलगी बोलायला आली, तर मुलं खरे प्रश्न विचारतात. किती वाजता उठतेस, पहिल्या पगारात काय केलंस, चूक झाल्यावर साहेब ओरडतात का. वक्ते निवडताना आपल्या दुसऱ्या पायरीतली यादी समोर ठेवा. जो गट त्या क्षेत्रात कमी आहे, त्या गटातलं माणूस आधी शोधा.

कारखाना-भेटीत मुलांच्या हातात काम द्या. 'या ओळीवर माल कुठे अडकतो ते शोधा' एवढा एक प्रश्न दिला, तरी ती सहल राहत नाही. एक-दोन दिवस एखाद्या माणसाच्या मागे राहून त्याचं काम बघण्याची सोय याच्याही पुढची. स्वित्झर्लंडमध्ये मुलं प्रशिक्षणाचा करार करण्याआधी काही दिवस असं काम चाखून बघतात आणि नको वाटलं तर दुसरीकडे जातात. 'हे आपल्याला नको' हे पंधराव्या वर्षी कळणं हा फायदाच आहे, पदवी हातात आल्यावर कळलं तर ते महागात पडतं.

मग येतं प्रत्यक्ष काम: इंटर्नशिप किंवा अप्रेंटिसशिप. इथे माझं मत ठाम आहे. जिथे विद्यार्थी उत्पादक काम करतो, तिथे त्याला मोबदला मिळालाच पाहिजे. बिनपगारी इंटर्नशिप ही घरून खर्च भागवू शकणाऱ्यांसाठी राखीव जागा असते, तिच्यावर तसा फलक नसतो एवढंच. ज्याला सुट्टीत कमवावंच लागतं, तो मुलगा अशी इंटर्नशिप घेत नाही, आणि आपण म्हणतो की त्याला रस नव्हता.

वय आणि सुरक्षितता यांत तडजोड नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७३ च्या १३८ क्रमांकाच्या करारानुसार कामाचं सर्वसाधारण किमान वय पंधरा आणि धोकादायक कामासाठी अठरा असं धरलं आहे. तुमच्या देशाचा कायदा याहून कडक असेल तर तो पाळा. त्याच संघटनेने २०२३ मध्ये दर्जेदार अप्रेंटिसशिपविषयी शिफारस स्वीकारली. त्यात लेखी करार, योग्य मोबदला, कामाचे तास, सुरक्षितता आणि पर्यवेक्षण यांचा विचार आहे. तुमचा करारनामा तयार करताना तो मजकूर शेजारी ठेवावा. आणि एक साधी गोष्ट, जी नेहमी राहून जाते: त्रास झाला तर मुलाने कोणाला फोन करायचा ते नाव पहिल्या दिवशी त्याच्या खिशात हवं, आणि ते नाव त्या कंपनीतल्या माणसाचं नको.

पायरी ६: प्रवेशाचं दार

चांगली वाट आखली की सर्वांत आधी कोण येतं? ज्यांना बातमी सर्वांत आधी कळते ती मुलं. म्हणजे आपण पुन्हा मामा असलेल्या मुलीपाशी आलो.

'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' हा नियम टाळा, तो दिसतो न्याय्य पण माहिती असणाऱ्यांच्याच बाजूने झुकतो. गुणांची अट आवश्यक तेवढीच ठेवा. पी-टेकने प्रवेशपरीक्षा ठेवलीच नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढा. अर्ज एका पानाचा असू द्या, तो शाळेतच बसून भरता यावा. पालकसभा कामाच्या वेळेत घेतली तर रोजावर जाणारे पालक येणार नाहीत, म्हणून ती संध्याकाळी घ्या, आणि शक्य असेल तर वस्तीत जाऊन घ्या. मुलींच्या आईवडिलांशी बोलायला त्या क्षेत्रात काम करणारी स्त्री बरोबर न्या, तुमच्या दहा आश्वासनांनी होणार नाही ते तिच्या पाच मिनिटांच्या बोलण्याने होतं. अपंग विद्यार्थ्याला काय लागेल ते त्याला आधीच विचारा, 'जमेल का?' असं विचारून त्याला परत पाठवू नका.

पायरी ७: वाटेतला आधार

दुसऱ्या पायरीत लिहून ठेवलेली कारणं आता काढा. प्रत्येक कारणासमोर एक माणूस आणि एक उपाय लिहा.

हे किरकोळ वाटतं, पण याचा परिणाम मोजलेला आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये एएसएपी हा कार्यक्रम सुरू केला. दोन वर्षांच्या पदवीला आलेल्या विद्यार्थ्यांना प्रवासाचा पास, पाठ्यपुस्तकं, शुल्कातला उरलेला भाग आणि वारंवार भेटणारा सल्लागार मिळाला. त्या बदल्यात त्यांनी पूर्णवेळ शिकायचं. तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण तुलनेतल्या गटात २२ टक्के होतं, या गटात ४० टक्के. जवळजवळ दुप्पट. अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातल्या महाविद्यालयांनी हाच नमुना उचलला तेव्हा तिथेही असाच मोठा फरक दिसला.

या यादीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सल्लागार. एका माणसाकडे इतकीच मुलं द्या की त्याला प्रत्येकाचं नाव आणि अडचण आठवेल. सलग दोन दिवस हजेरी नाही म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा फोन गेला पाहिजे.

पायरी ८: करार, आणि तो सांभाळणारं माणूस

सामंजस्य करार दोन पानांचा पुरे. कोण काय देणार, किती मुलांसाठी, कोणत्या तारखेपर्यंत, अडचण आली तर कोणाशी बोलायचं, विद्यार्थ्यांची माहिती कोण बघू शकेल आणि किती काळ ठेवेल. माहितीच्या वापराला पालकांची आणि विद्यार्थ्यांची लेखी संमती घ्या. सही करणाऱ्याच्या जोडीने प्रत्येक संस्थेतल्या दुसऱ्या माणसाचंही नाव लिहा, कारण माणसं बदलतात. उत्साही प्राचार्यांची बदली झाली आणि चांगली चाललेली भागीदारी एका सत्रात विरघळली, असं मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे.

आता मुख्य मुद्दा. समन्वयक हा पगारी हवा. शाळेतल्या एखाद्या कष्टाळू शिक्षिकेवर 'जमेल तसं बघा' म्हणून हे काम टाकलं तर तिची दमछाक होते आणि कामही होत नाही. सामाजिक कामाचे सल्लागार जॉन कॅनिया आणि मार्क क्रेमर यांनी २०११ मध्ये सामूहिक कामाच्या यशासाठी पाच अटी मांडल्या: समान उद्दिष्ट, समान मोजमाप, एकमेकांना पूरक कामं, सततचा संवाद, आणि हे सगळं धरून ठेवणारी कण्यासारखी संस्था. यातल्या पहिल्या चार अटींवर सगळे उत्साहाने बोलतात, पाचवीसाठी पैसे काढायची वेळ आली की बोलणं थांबतं.

पैशांचा विचार पहिल्या वर्षीच करा. अमेरिकेत १९९४ मध्ये शाळा ते काम या संक्रमणासाठी खास कायदा झाला, त्यातून राज्यांना आणि स्थानिक भागीदाऱ्यांना सुरुवातीचा निधी मिळाला, आणि २००१ मध्ये त्या कायद्याची मुदत संपली. तो निधी मुळात बीजभांडवलच होता. म्हणून अनुदान आलं की त्यातून शिक्षक-प्रशिक्षण, अभ्यासक्रमाची रचना, साधनं अशा एकदाच लागणाऱ्या गोष्टी करा. समन्वयकाचा पगार मात्र शाळा, महाविद्यालय आणि उद्योग यांच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात थोडा थोडा वाटून टाका. तिघांचाही पैसा गुंतला की तिघंही बैठकीला येतात.

समितीत विद्यार्थी आणि पालक घ्या. एकच विद्यार्थी घेतला तर तो बोलत नाही, तिघे घ्या.

पायरी ९: मोजा, पण मोजकं

किती कार्यक्रम झाले, किती मुलं हजर होती, हे आकडे अहवालाला पुरतात, निर्णयाला पुरत नाहीत. चार गोष्टी बघा: वाटेवर कोण आलं, मध्ये कोण गळलं, पात्रता कोणी मिळवली, आणि एक वर्षानंतर कोण कुठे, किती पगारावर आहे. चारही आकडे दुसऱ्या पायरीतल्या गटांप्रमाणे फोडलेले असू द्या.

फोडून का, हे करिअर अकादमींच्याच अभ्यासातून कळतं. वर सांगितलेली ११ टक्क्यांची वाढ सरासरी होती. गट वेगळे केल्यावर दिसलं की कमाईतला फायदा प्रामुख्याने मुलग्यांना झाला होता, मुलींच्या कमाईत तसा लक्षणीय फरक पडला नव्हता. सरासरीवर समाधान मानलं असतं तर हे कोणाच्या ध्यानातच आलं नसतं.

एक वर्षानंतरचा पत्ता लागावा म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्याच्या व्यतिरिक्त घरातल्या आणखी एकाचा फोन नंबर घ्या. मुलांचे नंबर बदलतात, आईचा सहसा बदलत नाही.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात फक्त पायरी १ आणि २ करा, एकही कार्यक्रम घेऊ नका. लोक विचारतील, 'काय चाललंय?' त्यांना नकाशा आणि आकडे दाखवा. दुसऱ्या महिन्यात पाच उद्योगांत जा, प्रश्न विचारा, आणि त्यातल्या तिघांच्या सुपरवायझरना चहाला शाळेत बोलवा. त्यांना वर्ग दाखवा, शिक्षकांशी एकटं बोलू द्या. तिसऱ्या महिन्यात एक वाट कागदावर उतरवा, एकच, आणि ती घेऊन अशा घरी जा जिथे त्या क्षेत्रातलं कोणीही नाही. आई-वडिलांपुढे तो कागद ठेवा, वाचून दाखवा, आणि त्यांना जिथे प्रश्न पडतो तिथे पेन्सिलने खूण करा. परत येऊन त्या खुणा दुरुस्त करा, आणि मगच तो कागद छापायला द्या.